डोळे न उघडलेला माणूस

मरोदा, भिलाई
ता. २० जुलै १९६०

सिंधुआत्या,

इथूनच तुझ्या पायावर डोकं ठेवतो. मी बरा आहे, दोन वेळा जेवतो. हे आधीच लिहिलं, नाहीतर तू पत्र उलटून शेवट पाहशील की पोट्टा धड आहे की नाही.

बातमी अशी की मी आता वर चढत नाही. उंचीवर लोखंड बांधणाऱ्या गँगमधून मले काढून मॉडेल-रूममध्ये टाकलं. ही एक लंबी पत्र्याची शेड आहे. तिथं पोलाद कारखान्याच्या तिन्ही भट्ट्यांचा लहान नमुना बनून राहिला, पन्नास फुटाचं जे आहे ते एका फुटात. भट्टी माझ्या छातीएवढी येते. सारं लाकडाचं अन् टिनाचं. दिवाळीआधी तो नमुना प्रदर्शनात जाणार आहे, अन् त्याले रंग द्यायचं काम माझ्याकडं आहे.

आता खरी गोष्ट सांगतो. ओव्हरसियर देवरावसाहेब गँगमध्ये आले अन् विचारलं, एअरब्रशनं रंग कोणाले देता येते. मी हात वर केला. आत्या, मी ती वस्तू जन्मात पाहिली नव्हती. आता पाहिली. पेनाएवढी आहे. वर रंगाची वाटी, खाली रबरी नळी, नळीचं दुसरं टोक हवेच्या कंप्रेसरले. घोडा दाबला की रंग धुरासारखा निघते. रशियन साहेबानं आणली, सारे तिले पिचकारी म्हणतात. मी दिवसभर तिले पुसून राहिलो, म्हणजे लोकांले वाटलं पाहिजे की जुनी ओळख आहे.

ब्रशही आहेत इथं, चांगले आहेत. तू साऱ्या जन्माची रंगकाम करणारी, तूच सांग. नवशिक्यानं आधी काय हातात धरावं, पिचकारी की ब्रश? दसऱ्यापर्यंत काम पसंत पडलं नाही तर मी परत गँगमध्ये. शेडच्या खिडकीतून खरी तिसरी भट्टी दिसते, तिचं वरचं काम चालू आहे. मी त्या खिडकीकडं पाठ करून बसतो. तरी तळहाताले घाम येते अन् ब्रश सरकते.

कवडू गेला हे तुले कळलं असेल. जूनमध्ये वरून पडला. आता त्याच्यावर काय लिहू.

तुझा
पुंडलिक

*

महाल, नागपूर
ता. २७ जुलै १९६०

पुंडलिका, माझ्या बाबू, शंभर वर्षं जग.

तुझं पत्र मी उलटूनच पाहिलं. तू काही मले शहाणपण शिकवू नको.

वर चढत नाही हे वाचलं अन् देवापुढं दिवा लावला. मग पुढचं वाचलं अन् वाटलं, दिवा इझवून तुझ्या कानाखाली एक द्यावी. जे येत नाही ते येते म्हणून सांगतलं? चितारीच्या घरचा पोट्टा, सहा वर्षांचा असताना नंदीच्या शिंगाले बेगड लावत होता, अन् आता साहेबापुढं खोटा हात वर करते. बरं, केला तो केला. आता निस्तर.

पोळा तोंडावर आला आहे. दोनशे लाकडी नंदी पांढरे होऊन माझ्यापुढं बसले आहेत, एकालेही डोळे नाहीत. तरी तुझ्यापायी मी काल उठली अन् गल्लीच्या टोकाले भैयालाल सायकलवाल्याकडं गेली. तो सायकलीच्या फ्रेमा पिचकारीनं रंगवते. तासभर त्याच्या दुकानात बसून पाहिलं. त्याले वाटलं म्हातारीले सायकल घ्यायची आहे.

जे पाहिलं ते सांगते. रंग दुधाएवढा पातळ पाहिजे, दह्यावाणी असला की नळी गुदमरते. पिचकारी वस्तूपासून वीतभर दूर. हात आधी हलवायचा अन् घोडा मग दाबायचा, नाहीतर जिथं सुरुवात तिथंच थेंब. एकदम भरून मारायचं नाही, तीनदा पातळ मारायचं. अन् काम झाल्याबरोबर धुवायची, जेवून आल्यावर नाही.

आता तुझा सवाल. भट्टीचं पोट, चिमणी, मोठे डबे, हे पिचकारीचं काम आहे, हे मीही कबूल करते. ब्रशानं तिथं रेघा दिसतात. पण जिथं बोट थांबते, वळते, तिथं कुंचलाच. अन् शिकायची सुरुवात कुंचल्यानं करजो. कुंचला चुकला तर एक रेघ चुकते, पिचकारी चुकली तर सारा बैल जाते. आधी फुटक्या डब्यावर आठ दिवस हात बसव, नमुन्याले शिवू नको.

कवडूचं तू दोन ओळीत आटोपलं. संक्रांतीले तो तुझ्यासंगं आला होता. सहा भाकरी खाल्ल्या अन् मले म्हणते, आत्या, माझ्यासाठी एक नंदी ठेवा, पोट्टा होईल तवा तान्ह्या पोळ्याले ओढायले लागेल. मी एक बाजूले ठेवलेला आहे. त्याचं काय करू ते सांगजो.

अन् होळीले मी तुले जे बोलली ते तू कोणाजवळ बोलला नाही ना?

तुझी
सिंधुआत्या

*

मरोदा
ता. ८ ऑगस्ट १९६०

आत्या,

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं. त्या एका दिवसात घात झाला.

देवरावसाहेब म्हणाले, चला, आज पहिल्या भट्टीची चिमणी मारून दाखव. मी डब्यावर फक्त दोनदा मारून पाहिलं होतं. रशियन साहेब उभा, देवरावसाहेब उभे, कंप्रेसरवाला बाबुलाल उभा. मी घोडा दाबला अन् मग हात हलवला. तू लिहिलं त्याच्या बरोबर उलटं. पिचकारी थुंकली. काळ्या रंगाचा लंबा ओघळ चिमणीवरून खाली उतरला. मी तो पुसायले गेलो तर खालचा पांढराही निघाला. अन् जे काही बरं उतरलं होतं त्याच्यावर दुपारपर्यंत पांढरी बुरशी आल्यावाणी झालं, पावसाळी हवेनं.

देवरावसाहेबांनी मले बाहेर नेलं अन् हळूच विचारलं की तू ही वस्तू आधी कुठं चालवली होती. मी म्हणलं, नागपूरले सायकलच्या दुकानात. आत्या, तेव्हा तर भैयालाल पिचकारी चालवते हे मले माहीतही नव्हतं, तोंडातून असंच निघालं. ते म्हणाले, एक मौका अजून देतो, पुन्हा असं झालं तर सोमवारी गँगमध्ये हजर व्हायचं.

त्या दिवसापासून मी रोज एक तास टिनाच्या तुकड्यावर मारून राहिलो. वीतभर दूर, आधी हात, मग घोडा. पाऊस असला की मारतच नाही. चिमणी मी घासून कोरी केली अन् परवा पुन्हा मारली. या वेळेस बरी उतरली. पण घोड्यावर बोट ठेवलं की मले खिडकीतली ती वरची फळी आठवते. बोट आखडते. गँगमधल्या लोकांचा आवाज खालपर्यंत येते, अन् कोणी जोरात हाक मारली की मी पिचकारी ठेवून देतो अन् वाट पाहतो की आता पुढं काही ऐकू येईल.

आता नवीन काम. नमुन्यावर चाळीस माणसं उभी करायची आहेत, नाहीतर पाहणाऱ्याले भट्टीची उंची कळत नाही. माणूस करंगळीच्या दीड पेराएवढा, डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. सुतारानं लाकडाचे कापून दिले, रंग मी द्यायचा. यांच्यासाठी पिचकारी कामाची नाही, हे मलेही कळलं. इथले ब्रश जाडे पडतात. तुझ्याजवळचा खारीच्या केसाचा कुंचला पाठवशील का?

होळीची गोष्ट कोणाले सांगतली नाही. नंदीचं मी काय सांगू, तूच ठरव.

पुंडलिक

*

महाल, नागपूर
ता. १४ ऑगस्ट १९६०

पुंडलिका,

हात रंगाचे आहेत, थोडंच लिहिते. कुंचला पार्सलानं पाठवला. त्याचं टोक जिभेनं ओलं करू नको, तुझे रंग विषारी असतात.

माणसं करून राहिला तर घरची रीत ध्यानात ठेवजो. आधी अंग, मग कपडे, मग केस, डोळे साऱ्यात शेवटी. अन् जोवर डोळे उघडले नाहीत तोवर मूर्ती पाटाले चिकटवायची नाही, सुटीच ठेवायची. हे तुले माहीत आहे, तरी सांगते.

दुसरी रीत तुले कधी सांगतली नाही, कारण आपण बैल अन् गणपतीच केले. कोणा माणसाची हुबेहूब नक्कल काढायची नाही. गेलेल्या माणसाची तर नाहीच. तुझे माणसं कोणाचेच नसावेत, नुसते माणसं असावेत.

सिंधुआत्या

*

मरोदा
ता. ४ सप्टेंबर १९६०

आत्या,

तुझं पार्सल अन् चिठ्ठी पोळा होऊन गेल्यावर मिळाली. कुंचला फार चांगला आहे. पण चिठ्ठी यायच्या आधीच माझ्या हातून झालं होतं.

मी मुद्दाम केलं नाही, तुझी शपथ. एकोणचाळीस माणसं झाली. कोणाले खाकी, कोणाले निळं, डोक्यावर टोप. इथल्याच ब्रशाचे केस कापून कापून बारीक केले अन् त्यानं त्यांचे डोळेही उघडले. चाळिसावा हातात घेतला, अंग रंगवलं, अन् पाहतो तर मी त्याच्या गळ्यात लाल गमछा रंगवला होता. कवडू बांधायचा तसा, गाठ डाव्या खांद्यावर. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. सुताराची चूक असेल, पण कवडूही तसाच उभा राहायचा.

त्याचे डोळे माझ्यानं उघडले नाहीत. तीनदा ब्रश टेकवायले गेलो, तीनदा हात मागं आला. देवरावसाहेब आले, यादी पाहिली, म्हणाले तिसऱ्या भट्टीच्या वरच्या फळीवर अजून एक माणूस पाहिजे, तो कुठं आहे. अन् त्यांनी स्वतः तोच उचलला अन् वर ठेवला. तिसऱ्या भट्टीवर, आत्या. कवडू पडला त्याच जागेवर.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी शेडमध्ये आलो तर तो खाली पडलेला. भट्टीच्या पायथ्याशी, रुळावर, पालथा. बाकीचे एकोणचाळीस जागच्या जागी. मी त्याले उचलून वर ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली. आज दहावा दिवस. नऊ सकाळी तो पडला, अन् दरवेळी पालथाच. एकदा त्याचा हात मोडला, तो मी जोडला.

शेडले कुलूप असते. किल्ली देवरावसाहेबाजवळ अन् बाबुलालजवळ. बाबुलाल म्हणते की माझ्या हाताची शपथ, मी त्याले शिवलोही नाही. मग त्यानंच विचारलं की हा कोणाचा आहे. मी म्हणलं, कोणाचा नाही. तो म्हणाला, त्याच्या गावात एक बैगा आहे, मंत्र जाणणारा, अशा गोष्टी बांधून टाकते.

मी जेवत नाही, आता खोटं कशाले लिहू. शेडचं दार उघडायच्या आधी मी बाहेर उभा राहतो अन् मनात म्हणतो, आज वर असू दे. दार उघडलं की आधी रुळाकडं पाहतो. तो तिथं असते.

त्याले जाळून टाकू का? का बैग्याकडं जाऊ? का सारं सोडून नागपूरले येऊ? तू सांगशील ते करतो, पण लवकर सांग.

पुंडलिक

*

महाल, नागपूर
ता. ९ सप्टेंबर १९६०

पुंडलिका,

जाळू नको. बैग्याकडं जाऊ नको. इथंही येऊ नको. आधी जेव.

तुझं पत्र वाचून मी देवापुढं जाऊन बसली, मी काही दगडाची नाही. दिवसभर कामाले हात लावला नाही. मग संध्याकाळी पुन्हा वाचलं, अन् दुसऱ्यांदा वाचताना मले दोन गोष्टी दिसल्या.

पहिली. एकोणचाळीस माणसांचे डोळे उघडले, म्हणजे तू त्यांच्या पायाले सरस लावला असशील. याचे डोळे उघडले नाहीत. मग घरच्या रीतीनं तू त्याले सुटाच ठेवला. हो की नाही?

दुसरी. तू आठ वाजता येते. तुझ्या आधी तिथं कोण येते अन् काय करते? भैयालालच्या दुकानात मी बसली होती तेव्हा त्यानं कंप्रेसर चालू केला, तर माझ्या हातातल्या चहावर गोल गोल रेघा उठल्या. मी म्हणलंही त्याले, बाप्पा, तुझं दुकान नाचून राहिलं.

एक काम कर. उद्याच सकाळी बाबुलालच्या आधी जा. काठोकाठ पाण्याचा वाटका घे अन् तुझ्या भट्टीजवळ ठेव. मग पाहत बस. भेव वाटलं तरी डोळे मिटू नको.

आता माझा सवाल. एक सुटं लाकूड पडते अन् तुझं जेवण बंद होते, हे कावून? कवडू तुझा दोस्त होता. दोस्त गेला तर माणूस रडते. तू रडून नाही राहिला, तू भिऊन राहिला. जूनपासून तुझ्या पत्रात त्याचं नाव आलं की तू पाय काढते. त्याचं तुझ्याकडं काय राहिलं आहे ते मले लिही. पूर्ण लिही.

सिंधुआत्या

*

मरोदा
ता. १७ सप्टेंबर १९६०

आत्या,

देवरावसाहेबाजवळून रात्रीच किल्ली मागून घेतली अन् साडेसहाले गेलो. वाटका ठेवला. पाणी अगदी शांत होतं. तो वरच्या फळीवर उभा होता.

सातले बाबुलाल आला अन् रिकामी टाकी भरायले कंप्रेसर चालू केला. सकाळी तो तासभर चालते, दिवसा घडीभरच. पाण्यावर रेघा उठल्या, तू म्हणाली तशाच. सारं टेबल बारीक थरथरत होतं. एवढे दिवस मी त्याच टेबलाशी बसलो, पण पिचकारी हातात असली की मीच कापतो असं वाटायचं. एकोणचाळीस माणसं सरसावर गच्च उभी. अन् तो एकटा सरकून राहिला होता. एकदम नाही पडला. थोडा थोडा, फळीच्या कडेकडं. मी हात पुढं करू शकत होतो. केला नाही. कडेवर आला, जरासा फिरला, त्याचं बिनडोळ्याचं तोंड माझ्याकडं झालं, अन् तो गेला.

म्हणजे भूत नाही. माझी पिचकारीच त्याले पाडत होती. बाबुलाल तर हसला. मी शेडच्या मागं जाऊन बसलो.

आता तुझ्या सवालाचा जवाब. तीन महिने झाले, हे मी कोणालेच सांगतलं नाही.

त्या दिवशी वर जायची पाळी माझी होती. पाऊस नुकताच उघडला होता, फळ्या ओल्या होत्या. मी खालून वर पाहिलं अन् दोन पावलं मागं सरलो. मुकादम नाव घेऊन राहिला होता. मी म्हणलं, माझं पोट दुखते. वाकून दाखवलं. कवडू माझ्याजवळच उभा होता. त्याले कळलं की पोट दुखत नाही. तो हसला, गमछ्याची गाठ बांधली अन् म्हणाला, "बस तू खालीच. चहा येईल तर माझा ठेवजो." अन् गेला. वर पट्टा बांधायच्या आधीच त्याचा पाय सरकला. कोणाची चूक नव्हती असं सारे म्हणाले. साऱ्यांचं बरोबर आहे. पाळी कोणाची होती हे कोणी विचारलं नाही.

पोटाचं ढोंग माझ्याच डोक्यातून आलं, दुसऱ्या कोणी सुचवलं नव्हतं.

त्याची बायको मैनाबाई इथंच आहे, रेजाचं काम करते, टोपली वाहते. सकाळी ती ज्या रस्त्यानं येते तो रस्ता मी सोडला. मी रुआबांध्याकडून फिरून जातो, अर्धा तास जास्त लागते. दोनदा ती समोरून आली तर मी वळून गेलो. तिनं पाहिलं.

आत्या, माझ्या दोन खोट्यावर मी इथं बसलो आहे. पोट दुखते म्हणलं म्हणून जिवंत आहे. पिचकारी येते म्हणलं म्हणून खाली आहे. नमुना होत आला, आता पिचकारी माझं बरं ऐकते. देवरावसाहेब खुश आहेत. अन् मले वाटते की कोणीतरी येईल अन् म्हणेल, चल, तुझी पाळी राहिली आहे.

पुंडलिक

*

महाल, नागपूर
ता. २३ सप्टेंबर १९६०

पुंडलिका, बाबू,

तू मले वाचवायले खोटं लिहिलं. दुसऱ्या कोणी सुचवलं नव्हतं म्हणे. शब्द माझे होते. होळीले तू इथं आला होता, पुरणपोळी वाढताना मी तुझ्या कानाशी म्हणलं होतं, वर चढायची पाळी आली की पोट दुखते म्हणजो, कोणी पोटात पाहायले येत नाही. तुझी माय गेली तेव्हा तू माझ्या मांडीवर होता. मले फक्त तू दिसत होता. तुझ्या जागेवर कोणीतरी चढेल, अन् तोही कोणाच्या घरी सहा भाकरी खाऊन येईल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

जूनमध्ये कवडूची खबर आली त्याच दिवशी मले संशय आला. तेव्हापासून मी भिऊन राहिली आहे. म्हणूनच विचारलं की होळीचं कोणाजवळ बोलला का. मले तुझी काळजी नव्हती, माझी होती. हे लिहायले मले तीन महिने लागले. तर तुझ्या खोट्यात अर्धा वाटा माझा आहे, तो मी घेते.

आता ऐक. ज्याचं आपल्याकडं राहिलं आहे त्याचे डोळे आपल्या हातून उघडत नाहीत, तुझा हात मागं आला तो बरोबरच आला. आधी मैनाबाईकडं जा. दसऱ्याले जाजो, सोनं घेऊन आलेल्याले कोणी दारातून परत पाठवत नाही. पार्सलात कवडूचा नंदी पाठवते, तो तिले दे. सारं सांग. माझं नाव घेऊन सांग. ती शिव्या देईल तर खाली मान घालून ऐक. मारेल तर मार खा. माफी मागजो, पण मिळालीच पाहिजे म्हणून उभा राहू नको.

मलेही भेव वाटते. तरी जा.

सिंधुआत्या

*

मरोदा
ता. ५ ऑक्टोबर १९६०

आत्या,

गेलो होतो. दसऱ्याच्या संध्याकाळी. हातात आपट्याची पानं अन् तुझा नंदी. तिच्या दारापर्यंत गेलो अन् परत फिरलो, पुन्हा गेलो, असं तीनदा. तिसऱ्यांदा तिनंच आतून म्हणलं की कोण आहे ते आत या.

ती तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्यानंच सारं सांगतलं. पाळीचं, पोटाचं, तुझं नाव, होळी. तिचे हात थांबले नाहीत. माझं झाल्यावर बराच वेळ ती खडे काढत राहिली. मग तिनं विचारलं, जाताना तो काही म्हणला का. मी चहाचं सांगतलं.

तिनं विचारलं, "मग ठेवला होता का?"

मी म्हणलं, "ठेवला होता."

तेव्हा ती रडली. मी तसाच उभा राहिलो. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, माफ केलं असं मी म्हणणार नाही, माझ्या तोंडून ते निघत नाही. पण एक सांगते. "मले पाहून रस्ता बदलत जाऊ नको. मले वाटे, मी रांडमुंड बाई, सकाळी समोर आली म्हणून तू वळते. तीन महिने मी पदर ओढून चालली."

आत्या, हे मले कधी सुचलंच नव्हतं. मी माझ्याच भेवात होतो अन् ती स्वतःले अपशकुनी समजून राहिली होती. मी तिच्या पायाशी बसलो. तिनं पाय मागं घेतले, पण जा म्हणली नाही. नंदी हातात घेऊन पाहिला. त्याचे डोळे कोणी काढले असं विचारलं. तुझं नाव सांगतलं. तिनं तो देवाजवळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी देवरावसाहेबाले सारं सांगतलं, पिचकारी येत नव्हती हेही. ते म्हणाले, ते तर मले चिमणीच्या दिवशीच कळलं होतं, सायकलीच्या दुकानात शिकलेला माणूस हात हलवायच्या आधी घोडा दाबत नाही. ते म्हणाले, पिचकारी तुझी कामापुरती आहे, पण ब्रशवाला असा मले दुसरा मिळणार नाही. मले ठेवून घेतलं आहे. पण एक अट आहे. तिसऱ्या भट्टीचं वरचं काम बदलत असते, त्याचा रंग अन् कठडे कागदावरून करायचे नाहीत, स्वतः वर जाऊन पाहून यायचे. पट्टा बांधून, मुकादमासंगं, नमुना जाईपर्यंत आठवड्यातून एकदा. मी हो म्हणलं. सोमवारी जायचं आहे. आजपासूनच तळहात ओले आहेत.

तो चाळिसावा मैनाबाईनं पाहावा म्हणून तिले शेडमध्ये यायची परवानगी मी त्यांच्याजवळच मागितली. ती काल आली. टोपली बाहेर ठेवून आत आली अन् तिन्ही भट्ट्यांभोवती फिरली. तिसऱ्या भट्टीजवळ थांबली अन् वर पाहिलं. लाल गमछा तिनं लगेच ओळखला. मी कंप्रेसर बंद ठेवायले सांगतलं होतं, त्यामुळं तो उभा होता.

ती म्हणाली, "त्याले खाली उतरव."

मी उतरवला. कुठं ठेवू असं विचारलं. तिनं सारा नमुना पाहिला अन् फाटकाजवळ बोट ठेवलं, जिथून सुट्टी झाली की लोक बाहेर निघतात. मी तिच्यासमोरच तुझा कुंचला घेतला अन् त्याचे डोळे उघडले. या वेळेस हात मागं आला नाही. मग पायाले सरस लावून फाटकाजवळ उभा केला, तोंड बाहेरच्या रस्त्याकडं. ती वाळेपर्यंत थांबली अन् आपली टोपली घेऊन गेली.

दुपारी देवरावसाहेब आले अन् म्हणाले, वरची फळी रिकामी कावून, तिथं माणूस पाहिजे, नाहीतर उंची कशी कळेल. मी म्हणलं, संध्याकाळपर्यंत देतो.

सुताराकडून एक लाकूड घेतलं. निळा अर्ध्या बाह्यांचा सदरा रंगवला, तू दिवाळीले पाठवला होता तो. पाय थोडे वाकडे, माझे आहेत तसे. नक्कल काढायची नाही ही तुझी रीत मी मोडली, पण हा माणूस गेलेला नाही. त्याचे डोळे उघडले अन् तिसऱ्या भट्टीवर नेऊन ठेवला. संध्याकाळी बाबुलालनं कंप्रेसर चालू केला, मी वाटक्याजवळ बसून पाहत राहिलो. पाणी थरथरलं. वर मी उभा होतो. पायाले सरस लावला आहे, आत्या.

पुंडलिक